सहा नंबरचं धुराडं

माझ्या सासऱ्यांना सगळं जग मिस्त्री म्हणतं. मी सून, म्हणून घरात बाबा म्हणते. पण डोकं तापलं की माझ्याही तोंडी मिस्त्रीच येतं, आणि माझं डोकं बऱ्याचदा तापतं. अडतीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं खोलली आणि जोडली. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता तरी स्वस्थ बसतील. कसलं काय! वरच्या खोलीतला पलंग उभा करून भिंतीला टेकवला, प्लायवूड आणलं आणि कमरेएवढ्या उंचीवर छोट्या आगगाडीचे रूळ टाकायला सुरुवात केली. आज त्या खोलीत दोन स्टेशनं, एक पूल आणि पाच रुळांची इंजिन शेड आहे. पाहुणे आले की बिचारे खाली बैठकीच्या खोलीत जमिनीवर झोपतात.

शेडमधल्या चार रुळांवर चार इंजिनं उभी आहेत. पाचवा रूळ मोकळा आहे. तो बुटकीचा.

बुटकी हे डोंगरातल्या लाइनवरच्या एका इंजिनाचं वर्कशॉपमधलं लाडाचं नाव. अशी सहाच इंजिनं बनली होती. पाच भंगारात गेली आणि चार नंबरची तेवढी संग्रहालयात उभी राहिली. तिची डागडुजी करून तिला तिथं नेऊन उभी केली ती बाबांनीच. शेजारच्या पितळी पाटीवर त्यांचं नाव होतं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती पाटी बघायला पाठवायचे.

तर एका कंपनीनं या चार नंबरच्या बुटकीचं मॉडेल काढायचं जाहीर केलं. या छंदात दुकानात गेलो, वस्तू उचलली, असं नसतं. आधी नाव नोंदवायचं. पुरेशी नावं जमली की साचा बनतो, मग नमुना. नमुन्याचे फोटो सगळ्यांना पाठवून चुका विचारतात आणि मग कुठं कारखान्यात पाळी लागते. बाबांनी पहिल्याच दिवशी नाव नोंदवलं, तेव्हा ते पंचाहत्तरचे होते. ‘पुढच्या वर्षी मिळेल’ असं उत्तर आलं. पुढच्या वर्षी कारखान्यानं जागा बदलली. त्याच्या पुढच्या वर्षी मोटार मिळेना. मग हिरवा रंग चुकला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! अशी सहा वर्षं गेली.

तेवढ्यात डोळ्यांनी दगा दिला. डावा गेल्यातच जमा. उजव्याच्या पडद्याला सूज. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, “दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घेतलंत तर आहे ती नजर टिकवता येईल. नाहीतर वर्षभराची खात्री देत नाही.”

“डोळ्यात सुई? मी काय उशीचा अभ्रा आहे?” असं म्हणून बाबा उठले ते थेट रस्त्यावर. तापलेल्या बॉयलरमध्ये शिरणारा हा माणूस सुईला भितो. रिक्षात मला म्हणाले, “बुटकी येईपर्यंत पुरेल एवढं दिसतंय.”

आणि एकदाचे नमुन्याचे फोटो आले. मी कॉम्प्युटरवर मोठे करून दाखवले. बाबा पडद्याला नाक लावून बसले. मला वाटलं आता टाळ्या वाजवतील. तर म्हणाले, “धुराडं आखूड आहे.”

“अहो, त्यांनी संग्रहालयातलं इंजिन यंत्रानं मोजून नमुना केलाय.”

“माहितीय. म्हणूनच आखूड आहे.”

मग सगळं बाहेर पडलं. तेव्हा संग्रहालयाच्या उद्घाटनाला दहा दिवस होते, आणि क्रेननं उचलताना चार नंबरचं धुराडं तडकलं. भंगारात सहा नंबर पडली होती. ती धावायची त्या फाट्यावर एक बुटका बोगदा होता, म्हणून तिचं धुराडं मुद्दाम चार बोटं कापलेलं. फोरमन म्हणाला, “लाव रे. कोण फूटपट्टी घेऊन वर चढतंय?” बाबांनी लावलं. वर ‘सर्व भाग मूळ इंजिनाचेच’ अशा कागदावर सही केली. पंचवीस वर्षं ही गोष्ट त्यांनी सासूबाईंनाही सांगितली नव्हती.

“मग आताही सांगू नका,” मी म्हणाले. “दोन महिन्यांत कारखाना सुरू होतोय. तुम्ही तोंड उघडलंत तर साचा बदलणार. दीड वर्ष कुठं गेलं नाही. तेवढे डोळे आहेत का तुमच्याकडे?”

हे मी तोंडावर बोलले. शाळेत गणित शिकवते, वजाबाकी मला येते.

“सहा वर्षं मी चार नंबरची वाट बघतोय,” बाबा म्हणाले. “ही धड चार नाही नि धड सहा नाही. हिला मी शेडमध्ये घेणार नाही.”

त्या रविवारी क्लबची बैठक होती. क्लब म्हणजे एका वाचनालयाच्या वरची खोली आणि नाव नोंदवून बसलेले वीस-बावीस वैतागलेले लोक. बाबा उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं, सहीसकट. मी शेजारी बसून मनात म्हणत होते, हात दाखवून अवलक्षण ते हेच!

एकच गलका झाला. कुणी म्हणालं, एका धुराड्यापायी आम्ही अजून किती थांबायचं? अध्यक्ष दातांचे डॉक्टर, त्यामुळे समजूत घालायची सवय. ते म्हणाले, “मिस्त्री, झाकली मूठ सव्वा लाखाची. मॉडेलवर ती चार बोटं म्हणजे तांदळाचा दाणा. कुणाला कळणार आहे?”

“पंचवीस वर्षांपूर्वी फोरमन हेच म्हणाला होता.”

“आणि पुरावा? पाटीवर तर तुमचंच नाव आहे.”

“पाटी काढा. धुराड्याच्या बुडाशी आतून सहाचा आकडा ठोकलेला आहे. शिडी लावा नि हात घाला.”

पुढच्या आठवड्यात आम्ही संग्रहालयात गेलो आणि तिथला कारभार बघणाऱ्या बाईंनी खरोखरच शिडी लावली. इंजिनाचं पुढचं गोल दार उघडून त्यांनी टॉर्चसह हात वर घातला. बाहेर आला तो कोपरापर्यंत काळा होता. “सहा आहे,” त्या म्हणाल्या, आणि बाबांकडे अशा बघू लागल्या की मलाच मान खाली घालावीशी वाटली. बाबांनी नाही घातली. पाटी दुसऱ्या दिवशी उतरवली गेली. अजून लागलेली नाही आणि बाबांनी विचारलेलंही नाही.

कंपनीला बाईंचं पत्र गेलं. नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला उत्तर आलं, एकावर खूण करा: संग्रहालयात आज दिसतं तसं आखूड धुराड्याचं इंजिन दोन महिन्यांत, किंवा खऱ्या धुराड्याचं अठरा महिन्यांनी. क्लबमधल्या झाडून सगळ्यांनी पहिल्यावर खूण केली. मी त्यांना नावं ठेवणार नाही. माझंही बोट पहिल्यावरच होतं.

“दुसऱ्यावर,” बाबा मागून म्हणाले.

“आणि तोवर दिसेनासं झालं तर?”

“ते मी बघतो. त्या डॉक्टरला फोन लाव. म्हणावं, मिस्त्री सुई घ्यायला येतायत.”

मला राग आला आणि रडू आलं, दोन्ही एकदम. फोन लावला.

तेरा इंजेक्शनं झाली. दर वेळी माझं मनगट असं आवळून धरतात की दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना कळ येते. सुई बाहेर आली की डॉक्टरांशी भांडतात, थेंब गार का म्हणून. नजर आहे तेवढी आहे. वाढलेली नाही, पण गेलेलीही नाही. महिन्याच्या तारखा आम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेननं गोल करून ठेवल्यात, अठराव्या महिन्यापर्यंत.

काल कंपनीचा ईमेल आला. मी भाजी निवडता निवडता वाचायला घेतला आणि पहिल्याच ओळीत माझं टाळकं सटकलं. साच्याचं काम लांबलंय, दिलगीर आहोत, उत्पादन चार महिने पुढं गेलं आहे. शाळेतल्या बाईंच्या तोंडी शोभणार नाहीत असे शब्द मी त्या कंपनीला ऐकवले. सात वर्षं एका म्हाताऱ्या माणसाला झुलवायचं म्हणजे काय!

बाबा शांतपणे चहा पीत होते. “धुराड्याबद्दल काही लिहिलंय?”

“फोटो पाठवलाय. लांब आहे. संग्रहालयाच्या बाईंनी इंजिनाच्या जुन्या ड्रॉइंगवरून तपासलंय, बरोबर आहे म्हणतात.”

“मग शिव्या कशाला देतेस?” ते उठले, चाचपत कॅलेंडरपाशी गेले आणि लाल पेन माझ्या हातात दिलं. “चार सुया वाढव.”