टांगेवाला आणि शेठजींचं जेट

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. शेठजींची विसरलेली फाईल घेऊन मी सात रस्ता चौकातून त्याच्या टांग्यानं विमानतळावर निघालो होतो.

"सायेब, फुडं सरका की! मागं वजन झालं, टांगा उलार हुतोय, म्होरनं वर उचलतोय," असं तो सारखं म्हणत होता आणि मी वैतागत होतो.

फाटकावर शेठजींचं नाव सांगताच टांगा थेट आत सोडला. शेठजींचं चिमुकलं जेट उभंच होतं. दोन्ही इंजिनं शेपटीशी पाहून त्यानं कपाळाला हात लावला. "सगळं वजन मागंच? ह्ये उलार हुनार बगा."

मी हसलो. फाईल द्यायला दारापाशी गेलो, तर पायलट मागच्या खुर्चीत ऐसपैस बसलेल्या शेठजींना हात जोडून म्हणत होता, "साहेब, जरा पुढं बसता का? मागं वजन होतंय."

टांगेवाल्यानं ते ऐकलं, माझ्याकडं न बघता घोड्याची मान थोपटली.

परतताना मीच आपणहून पुढं सरकलो.