तीन वायरी आणि बाबांची बोटं

राळेगावात बसस्टँडमागे बाबांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले आणि दुकान बंद झालं. त्याला आता सहा वर्षं झाली.

गेल्या मे महिन्यात मी सुट्टीला घरी गेले, तेव्हा आईसाठी मोठा, चपटा टीव्ही घेतला. बसवायला आलेल्या माणसानं सेट-टॉप बॉक्स जोडला, डीव्हीडी प्लेअर जोडला. बाबांचा जुना व्हीसीआर पाहून मात्र तो हसला. "हा नाही लागत याले. भंगारात द्या."

तो गेल्यावर बाबा खाटेवरून उठले. मला म्हणाले, "खोक्यात पाह्य, बोटभर वायर असंन. एका टोकाले बारीक पिन, दुसऱ्या टोकाले तीन गोल तोंडं."

थर्माकोलखाली ती सापडली. तोंडं पिवळं, पांढरं आणि लाल.

"राहू द्या बाबा, मी रंग पाहून लावते."

"तू फक्त रिमोट धर. सोर्स दाब अन् एव्हीवर आण."

मी आणलं. बाबा टीव्हीच्या मागे गेले. त्यांचा पंजा पाठीवरून सावकाश खाली उतरला, एका छिद्रापाशी थांबला, आणि पिन आत गेली. मग त्यांनी व्हीसीआरच्या केबलचं एक टोक एका तोंडात खुपसलं आणि दुसऱ्या टोकाच्या पिनेवर बोट टेकवलं. टीव्हीतून घुंऽऽ असा आवाज आला.

"डाव्या बाजूनं आला. हे पांढरं."

पुढच्या तोंडाला आवाज उजवीकडून आला. "हे लाल." तिसऱ्याला काहीच आवाज नाही, पडद्यावर नुसत्या रेघा थरथरल्या. "हे चूप बसलं. म्हंजे पिवळं, चित्राचं."

तिन्ही रंग बरोबर होते. इतकी वर्षं मी या माणसाला पाण्याचा ग्लास हातात नेऊन देत होते.

केबलची दुसरी टोकं व्हीसीआरला जोडून त्यांनी मावशीच्या लग्नाची कॅसेट आत सरकवली. चित्र वरखाली पळू लागलं, आवाज खरखरत होता. बाबांनी कान लावून व्हीसीआरचं एक बटण हळूहळू फिरवलं. खरखर गेली तसं चित्रही थांबलं. बावीस वर्षांची आई माईकसमोर मंगलाष्टक म्हणत उभी होती.

कणकेच्या हातांनी आई धावत आली. "अवो, हे तं मीच!"

"आवाजानं वळखलं मी," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे तोंड करून विचारलं, "कशी दिसते, सांग बरं."

मी सांगत गेले. आई पदरानं तोंड झाकून हसत होती.

कॅसेट संपल्यावर आईला तिच्या मालिकेची काळजी लागली. बाबांनी माझ्याकडून पडद्यावरची यादी वाचून घेतली आणि तिच्या हातात रिमोट दिला. "सोर्स दाब. यादीत सगळ्यात वर तुही मालिका. खाली एकदा दाबलं का डीव्हीडी, दोनदा दाबलं का कॅसेट." तिनं आठ-दहा वेळा करून पाहिलं. ती चुकली की आवाज ऐकून बाबा लगेच सांगत, "हे डीव्हीडी होय, एक वर जाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू त्यांचा बंद पडलेला डीव्हीडी प्लेअर घेऊन आल्या. "भाऊजी, पाहता का जरा?"

बाबांनी तो मांडीवर घेतला, कडेनं बोटं फिरवत स्क्रू मोजले. मग जुन्या सवयीनं मला म्हणाले, "खिडकी उघड वो. उजेड येऊ दे."