खाडीच्या पाण्यातला हात

रश्मीला खाडीची शिसारी यायची, आणि पोट मात्र त्याच खाडीवर चालायचं. मुलुंड पूर्वेला शरच्चंद्र नावाच्या बोटवाल्याकडे ती कामाला होती. लोकांना फ्लेमिंगो दाखवून आणणारी बोट धुवायची, लाइफ जॅकेटं वाळत घालायची आणि इंजिनाच्या पंख्यात काही अडकलं की मागून वाकून हाताने उपसायचं. काही म्हणजे काय? पिशव्या, केसांचे गुंते, देवाचे कुजलेले हार, पोरांची डायपरं. पहिल्यांदा हात घातला तेव्हा ती तिथंच ओकली. बोट चालवणारा सहदेव, मालवणकडचा, खदाखदा हसला. "काय गो, एवढ्यात?" पाण्याची बाटली त्याच्या पायाशीच होती. ती पुढे करावी हे काही त्याला सुचलं नाही.

घरी तिने तिकिटं फाडते म्हणून सांगितलं होतं. खरं सांगायची सोयच नव्हती. तिचे वडील भीमराज, त्यांचं आयुष्य घाटकोपरची गटारं उपसण्यात गेलं. काम सुटलं तरी जेवायला बसण्याआधी ते अजून कोपरापर्यंत हात घासतात आणि नाकाशी नेऊन वास घेतात. "तुझा हात त्या पाण्यात जायचा नाही," एवढं एकच मागणं त्यांनी लेकीकडे केलं होतं. आणि लेक रोज तेच करून, जेट्टीवरच्या नळाला हात खसाखसा घासून घरी येत होती. त्या खोटेपणाचा तिला कचऱ्याहूनही जास्त वीट आला होता.

म्हणून सहदेव नव्या मोठ्या बोटीवर जाणार असं कळताच ती मालकांसमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, जुनी बोट मी चालवते."

शरच्चंद्रांनी तिला खालून वर बघितलं. "शिक. माणसं भरून, ऐरोलीच्या पुलाआधी बोट प्लेनवर आणून दाखव. नाही जमलं तर आहेस तिथंच बरी आहेस."

प्लेनवर आणायची म्हणजे पाणी नांगरत चाललेली बोट पाण्याच्या वर काढायची आणि घसरत पळवायची. सगळी मेख अंगठ्याखालच्या ट्रिमच्या बटणात. खाली दाबलं की मागच्या इंजिनाचं टोक बोटीकडे ओढलं जातं, नाक दबतं. वर दाबलं की टोक बाहेर जातं, नाक उचलतं. सुरुवात पूर्ण खाली दाबून करायची. रश्मी नेमकं उलटं करायची, कारण इथली रीतच तशी पडली होती. कचऱ्याच्या धास्तीने सगळेच इंजिन थोडं उचलून बोटी हाकायचे. त्यात पंखा खोल गेला की रश्मीच्या बोटांना तो बुळबुळीतपणा आत्ताच जाणवायचा आणि अंगठा आपोआप वर सरकायचा. मग बोट नाक आभाळाला लावून, बूड रुतवून गाभण म्हशीसारखी रेंगाळायची.

"खाली दाब गो, खाली!" सहदेव ओरडायचा. ओरडायला त्याचं काय जात होतं? अडकलं तर काढायचं कोणी?

परीक्षेच्या सकाळी ओहोटी लागलेली. दोन्ही काठांना काळा चिखल उघडा पडला होता आणि वास थेट घशात उतरत होता. मालक पुढे बसले, जेट्टीवरची माणसं बोटभर, सहदेव मागे. रश्मीने दात आवळले आणि बटण तळापर्यंत दाबून धरलं. वेगाचा दांडा, थ्रॉटल, पुढे रेटला. नाक उठलं, समोर नुसतं आभाळ. अंगठा वर जायला शिवशिवत होता. तिने जाऊ दिला नाही. मग नाक हळूच खाली आलं, समोर सपाट पाणी दिसलं आणि बोट सुटली. आता ती बटण टिचकी टिचकीने वर घेत गेली तसा वेग वाढला. नाक उड्या मारू लागताच तिने जरासं खाली दाबलं, बोट स्थिर झाली. वास मागे पडला. या खाडीत पहिल्यांदाच तिने छाती भरून श्वास घेतला. पूल अजून पुढेच होता.

"झकास!" मालक म्हणाले.

तेवढ्यात मागून धाडकन आवाज झाला आणि बोट थरथरली. तिने वेग कमी केला, तशी बोटीचीच लाट मागून चढली आणि काळं पाणी वाहत पुढे मालकांच्या बुटांपर्यंत आलं.

"शी! रश्मी, बघ गं जरा काय अडकलंय ते," मालक पाय उचलत म्हणाले.

सहदेव तर स्टिअरिंग धरायला पुढे येऊनही उभा राहिला. रश्मीने इंजिन बंद केलं आणि पंखा पाण्याबाहेर येईपर्यंत उचलला. त्याला कसल्याशा गादीची कुजलेली खोळ लपेटली होती. तिचे हात स्टिअरिंगवरच राहिले.

"मी चालवतेय, साहेब. चालवणारा जागा सोडत नाही, हे तुमचंच सांगणं."

"अगं, पण तुला सवय आहे ना."

खाडीत आजवर सडलेलं सगळं त्या एका वाक्यात होतं. "सवय नाही, साहेब. किळस येते. तुम्हाला येते तेवढीच, फक्त रोज."

बोट चिखलाकडे सरकत होती. सहदेवने मालकांकडे पाहिलं, मालकांनी पायाकडे. शेवटी सहदेवच बाह्या सारून मागे वाकला. खोळ निघेपर्यंत तो दोनदा ओकला. रश्मीने वळून न बघता पाण्याची बाटली मागे दिली.

परत येताना शरच्चंद्र पुलाकडे बघत म्हणाले, "सोमवारपासून तूच ने बोट."

संध्याकाळी बोटीची टाकी भरून झाल्यावर तिने नळावर हात घासले नाहीत. घरी वडिलांना सगळं खरं सांगितलं, आधीचंही. तिने उजवा हात त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो सवयीने नाकाशी नेला.

"पेट्रोल," ते म्हणाले, आणि हात न सोडता पुन्हा एकदा वास घेतला.