अक्काने पिळलेले कान

अक्का, माझी मोठी मेहुणी, शेवटची भेटली ती महाडच्या दवाखान्यात. माझ्या मुलीचं, मुक्ताचं लग्न तोंडावर आलं होतं. होणारा जावई रोहनही सोबत होता. "जवळ ये रे, कान दे," ती त्याला म्हणाली. काही सांगायचं असेल, म्हणून तो वाकला. तिने कान धरला आणि सावकाश, नीट पिळला. "लग्नाला मी असंन, नसंन. माझं काम झालं. तारीख मात्र हलवू नका." चार दिवसांनी ती गेली...

बहिणीला नीट सांभाळ, असं बजावत नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा आणि आहेर घ्यायचा, ही आपली कानपिळी. वरंधला माझं लग्न लागलं तेव्हा भटजींनी भावाला हाक मारली. अक्का आणि माझी बायको तर दोघी बहिणीच. एक चुलतभाऊ बाह्या सावरत उठला, तोवर अक्का माझ्यामागे येऊन उभी. "भाऊ लागतो," भटजी म्हणाले. "भाऊ नाय, मी हाय. कान पिळायला मिशी लागते काय?" मांडव हसला, माझे वडील हसले नाहीत. मला वाटलं, फोटोपुरतं पिळेल. पण भातलावणीचा हात तो... माझे डोळे भरून आले आणि नवरामुलगा फार हळवा आहे, अशी गावात ख्याती झाली. आहेर होता शर्ट-पँटच्या कापडाचा. तिने त्याच्या बाजाराच्या पिशव्या शिवल्या, एक आम्हालाही दिली. पुढे आम्हा नवरा-बायकोत आवाज चढला, की तिचा फोन यायचा. विचारायची एवढंच, "कान कसा हाय, भावोजी?"

मुक्ताचं लग्न पोलादपूरच्या हॉलमध्ये ठरल्या तारखेलाच झालं. समानता म्हणून नवरा-नवरी दोघंही धुरातून नाचत आली. दमली मात्र खरोखर सारखीच. कानपिळीची वेळ आली. मुक्तालाही भाऊ नाही. दुबईहून आलेला माझा पुतण्या पुढे झाला, तसा रोहनने कानावर हात ठेवला.

"माझा पिळून झालाय."

"कोणी पिळला?" भटजींनी विचारलं.

"मावशींनी."

भटजी पुढच्या विधीकडे वळले. आहेराचं ताट तसंच राहिलं. त्यात या वेळी साडी होती.

ती साडी आता आमच्या कपाटात, अक्काच्या पिशवीत आहे. काल बायकोशी बोलताना माझा आवाज जरा चढला. मग आम्ही दोघंही फोनकडे बघायला लागलो. तो वाजला नाही... माझा हात मात्र कानाकडे गेला होता.