करोडगिरीची कमान

मार्गशीर्षात आमच्या गावच्या रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. वेचणीनंतर गच्च भरलेली वाहनं हदगावच्या बाजाराकडे निघतात, काटेरी फांद्या त्यांना घासत राहतात, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात ती सारी झाडं पांढऱ्या पुंजक्यांनी उजळून निघतात. उत्तरेकडून पैनगंगेवरचं गार वारं येतं. त्यात ओल्या काळ्या मातीचा आणि चुलींत पेटलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचा वास मिसळलेला असतो. अशा सकाळी आमचे हे मला फिरायला नेतात आणि पावलोपावली भूगोल शिकवतात. शाळेतून निवृत्त झाले, तरी त्यांचा वर्ग सुटलेला नाही. विद्यार्थिनी तेवढी मी एकटीच उरले आहे.

नदीपलीकडे वऱ्हाड, अलीकडे आपण. एकेकाळी तिकडे इंग्रजांचा अंमल होता, इकडे निजामाची मोगलाई, आणि मधली नदी ही सरहद्द. पलीकडून येणाऱ्या मिठावर-कापडावर जकात घेणारा निजामी नाका आमच्या वस्तीच्या जागी होता, आणि त्या जकातीला म्हणत करोडगिरी. राज्य गेलं, नाका गेला, चौथऱ्याचे दगड कोणाकोणाच्या गोठ्यात गेले; नाव मात्र वस्तीला चिकटून राहिलं. हे सांगताना ह्यांचा चेहरा असा फुलतो, की ती सगळी जकात ह्यांच्याच हाती जमा होत असावी.

मला मात्र या नावानं फार छळलं. माझं माहेर देवणीचं, पार दुसऱ्या टोकाला, कर्नाटकाच्या शिवेजवळ. तिथं हा शब्द कोणाला ठाऊक असणार? मध्यस्थानं स्थळाचा पत्ता सांगितला तेव्हा बाबा हरखून आईला म्हणाले, "लई मोठी माणसं हायत. पत्ताच करोडगिरी हाय!" साऱ्या आळीत बोभाटा झाला. मी ऐटीत आले, ती दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरात. घरात माया होती, दूधदुभतं होतं, नवरा शब्दानंही दुखवणारा नव्हता; सुख कधी कमी पडलं नाही. पण माहेरी कुठलंही कार्य असो, मी उंबऱ्याशी पोचले की कोणीतरी म्हणायचंच, "आली बघा करोडपतीण!" मी हसायचे. एकदोनदा परसात जाऊन रडलेसुद्धा. हे तेव्हा ओसरीवर जावईबापू होऊन सुपारी कातरत बसलेले असत, आणि मला त्यांचा भारी राग येई.

अलीकडे गावाची नगरपंचायत झाली. प्रत्येक वस्तीला कमान उभारायची ठरली, आणि आमच्या कमानीवर कोणतं नाव घालायचं यासाठी मारुतीच्या सभामंडपात बैठक बसली. शेजारचे सोपानराव तावातावानं उठले. त्यांचा मुलगा लग्नाचा आहे. "करोडगिरी ऐकून पाहुणे मोठ्या आशेनं येऊन राहिले, अन् पत्रे पाहून वापस जाऊन राहिले. समृद्धीनगर करून टाका!" हशा पिकला. मग हे उठले. कितीतरी दिवस ह्यांच्या डोक्यात हेच भाषण घोळत होतं. जुनं नाव गेलं तर ह्यांच्या जिवाला किती लागेल, ते मला ठाऊक होतं, म्हणून मी मनाशी ठरवूनच आले होते: सुटकेची संधी आली तरी हात ह्यांच्या बाजूनं वर करायचा. हे नाक्याबद्दल दोनचार वाक्यं बोलले, मध्येच बायकांच्या घोळक्यात बसलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि बोलणं अर्धवट सोडून खाली बसले.

नगरसेवकांनी आधी नव्या नावासाठी हात वर करायला सांगितलं. बरेच हात वर झाले, आणि त्यांत एक हात ह्यांचा होता.

म्हणजे ओसरीवर बसून ह्यांनी दर वेळी सगळं ऐकलं होतं. मी धुमसत राहिले, आणि हे मात्र ते मनात साठवत गेले होते. आता मी मोकळी होते. नको असलेलं नाव जात होतं, आणि ते घालवायला ह्यांनीच हात वर केला होता.

मग जुन्या नावासाठी हात मागितले, आणि माझा हात वर गेला. ह्यांच्यासाठी वर करायचं कारण उरलं नव्हतं. माझं इतक्या वर्षांचं घर, त्यातली भांडणं, बाळंतपणं, पाहुणेरावळे, सगळं त्याच नावाखाली झालं होतं, आणि ते नाव माझं आहे हे हात वर गेल्यावरच मला समजलं.

हात जवळजवळ सारखेच निघाले. वादावादी झाली आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. सांजावताना आम्ही दोघं परतीच्या वाटेला लागलो.

"अगं, तुला हसतात म्हणून तर मी..." हे म्हणाले.

"मग आधी विचारायचं की!"

ह्यांनी वाटेतल्या बाभळीवरचा कापसाचा पुंजका काढून हातात घेतला. मग म्हणाले, "बरं, आता पुढच्या खेपेला मी काय करू?"

आजवर ह्यांनी मला विचारलेले सगळे प्रश्न मास्तरांचे, उत्तर आधीच ठाऊक असलेले. हा पहिलाच खरा. घराचं दार आलं तरी आम्ही आत वळलो नाही, त्याच प्रश्नावर बोलत तसेच पुढे चालत राहिलो.