आकडा किती आला?

नानांचं हृदय ताल सोडून चालतं. अशा हृदयात रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली की माणूस आडवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी आयुष्यभर. नाना म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून शिरपूरजवळच्या आमच्या गावात एकटेच राहतात. मी जळगावला शाळेत शिकवते. राग माझ्या नाकावर असतो आणि धीर कुठेच नसतो, हे आधीच सांगून टाकते.

जुन्या गोळीचा जाच फार होता. दर तीन आठवड्यांनी नानांनी एसटीने धुळ्याला जायचं, तपासणीला रक्त द्यायचं. रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा यायचा, तो दोन ते तीनच्या मध्ये हवा. कमी आला तर गुठळीची भीती, जास्त आला तर रक्त वाहण्याची. हिरवा पाला पोटात गेला की तो घसरायचा, त्यामुळे हिवाळ्यात पातीचा कांदा घातलेल्या भरताचे दिवस आले की माझा जीव टांगणीला. मधल्या सुट्टीत मी फोन लावायची.

"आकडा किती आला?"

"एक पॉइंट सात."

"पातीचा कांदा खाल्ला ना? खरं सांगा!"

"जरासा खाधा व माय."

मी ओरडायची, ते हसायचे.

एकदा त्यांनी गुडघ्यासाठी परस्पर दुखण्याची गोळी घेतली आणि नाकातलं रक्त थांबेना. चार दिवस दवाखाना. मी डॉक्टरांपुढे हटून बसले, तपासणी लागत नाही ती नवी गोळी द्या. ते म्हणाले, "नवीवर दवाखान्यात राहायची वेळ बहुतेकांना कमी येते. पण सकाळ-संध्याकाळ चुकवून चालणार नाही. आणि चुकवली तर ते सांगायला आकडा नसेल."

"घेतील हो ते," मी म्हटलं. नानांना कोणी विचारलंच नाही.

तपासणी सुटली, धुळ्याच्या खेपा सुटल्या, पाल्याचं पथ्य सुटलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटलं.

सात-आठ महिन्यांनी शेजाऱ्यांचा फोन आला. चहा पिताना नानांच्या हातातून कप सुटला, जीभ जड झाली, त्यांना धुळ्याला नेतोय. मी निघाले. बसमध्ये जागा असून दाराशी उभी राहिले. एरंडोल, पारोळा, प्रत्येक थांब्यावर कंडक्टरशी भांडले.

गुठळी लहान होती, वेळेत आणलं होतं. शेजाऱ्यांनी औषधांची पिशवीही आणली होती. पट्ट्यांवर मीच पेनाने 'सकाळ' आणि 'संध्याकाळ' लिहून दिलं होतं. सकाळच्या रिकाम्या. संध्याकाळच्या जवळजवळ कोऱ्या.

मी खाटेपाशीच भडकले. "नाना, जीव नकोसा झालाय का तुम्हाला?"

"रगत तपासानं बंद व्हयनं," ते अडखळत म्हणाले. "माले वाटनं, दुखनं गयं, आते एकच गोयी पुरे." मग छताकडे पाहत, "पहिले आकडासाठे तुना फोन ये. आते तोबी येत नही."

खोटं नव्हतं ते. आकडा नाही म्हणून फोन नाही. नवी गोळी मी मागितली ती त्यांचा दवाखाना टळावा म्हणून, आणि माझी एक कटकट मिटावी म्हणूनही. हे लिहिताना लाज वाटते.

गोळी डॉक्टरांनी तीच ठेवली. आता रोज संध्याकाळी सातला मी फोन करते. साडेसहापासून हात कामाला लागत नाहीत. दोनदा दूध उतू गेलं. तिसऱ्या रिंगपर्यंत उचलला नाही तर मी चपला शोधायला लागते.

"घेतली का?"

"लिधी." शब्द अजून जरा ओढून येतो.

"जेवायला काय केलं होतं?"

"भरीत. पातीना कांदा टाकीसन."

आणि नाना थांबतात. नव्या गोळीला पातीचा कांदा चालतो, हे त्यांनाही ठाऊक आहे, मलाही. तरी ते फोन कानाला लावून वाट पाहत राहतात.

मग मी ओरडते.