वच्छलाचा हात

शिकवणाऱ्या मित्रा, अक्षर गिरवून घेताना तू वर्गातल्या कुणाकुणाचा हात धरतोस?

प्रश्न साधा आहे. मी शिकवत होतो तेव्हा कुणा मोठ्या माणसाने विचारला असता तर मी चिडलो असतो. म्हणूनच पुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही — घरी नाही, समतेच्या चळवळीतल्या सोबत्यांना तर नाहीच.

छप्पनच्या धम्मदीक्षेनंतरचं वर्ष होतं. घाटंजीजवळच्या एका गावात मी पहिलीला शिकवत होतो. समतेवरची पत्रकं स्वतः लिहायचो, बाजाराच्या दिवशी घाटंजीत उभा राहून वाटायचो. घर पाटलाचं, पण जात मी सोडली, असं भाषणात ठणकावून सांगायचो. सोडली होती का? — तोंडाने, हो.

पहिलीत अक्षर हात धरूनच शिकवतात. मुलाच्या मुठीत पेन्सिल, त्या मुठीवर मास्तरची मूठ, आणि पाटीवर अ. मी असंच शिकवायचो. सगळ्यांना? नाही. गावाबाहेरच्या बौद्धपुऱ्यातलं मूल पुढे आलं की मी छडीच्या टोकाने हवेत वळण दाखवायचो. तसं कुणी सांगितलं नव्हतं, मी ठरवलंही नव्हतं. हात जायचाच नाही. आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही — असं मी पुढे स्वतःला समजावत राहिलो.

ते खोटं आहे. वच्छलाने मला दाखवलं होतं.

वच्छला बौद्धपुऱ्यातली. तिचा अ रोज कोलमडायचा, मी रोज रागवायचो. एकदा भर वर्गात तिने विचारलं, "गुरुजी, तुमी माहा हात काहून नाही धरत?"

मागून एक पोरगा फिसकन हसला. "गुरुजीले आंघोळ करा लागन ना वं!"

सगळा वर्ग हसला. मी त्याला दटावलं? तिचा हात धरला? तिने तर तो पुढेही केला होता — पेन्सिलीसकट. मी म्हणालो, "तुहा हातच जड आहे. धरून काय फायदा?"

तिने हात परकराला पुसला आणि जागेवर जाऊन बसली.

दिवाळीनंतर तिची आई आली. शाळेच्या दारातच उभी राहिली. "पोरगी म्हणते, माहा हात जड आहे, मले लिवनं येनार नाही. खरं हाय का जी, गुरुजी? तसं असन त मंग मी कापूस वेचाले नेतो तिले."

तेव्हाही वेळ गेली नव्हती. चूक पोरीची नाही, माझी आहे — एवढं म्हटलं असतं तर? त्या आईने खरं काय तेच तर विचारलं होतं!

मी म्हणालो, "न्या."

वच्छला परत आली नाही. पुढच्याच बाजारी मी शिक्षणाच्या हक्कावर बोललो. टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

जात मी गावात शोधत होतो, जुन्या लोकांत शोधत होतो. माझ्या मनगटात ती बसलेली होती, आणि तिचा दोष मी एका लहान पोरीच्या हाताला लावला. माझं वय लहान होतं, घरचं वळण तसं होतं — यातलं काही मी पुढे करत नाही. माफीही मागत नाही. ती द्यायला तू कोण?

पण तू शिकवतोस, म्हणून एक काम सांगतो. वर्गात जे मूल अडतं, त्याला मंद म्हणण्याआधी त्याच्या शेजारी बस आणि आठव — याला मी इतरांसारखं शिकवलं का? उत्तर नाही असं आलं, तर ऊठ आणि त्याच्या आईला तसं सांग. ती त्याला घेऊन जाण्याआधी सांग.